इजिप्तला जायचं ठरलं तेव्हा

उदगीर
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

अक्का, शरणु.

आज सकाळी ऊन लवकर तापलं. पूजा झाली. बाजारातून मेथी आणि अर्धा लिटर दूध आणलं. दुपारी वरण-भात केला. वखारीत माझ्याबरोबर काम केलेले दयानंद येऊन बसले आणि चहा न घेताच गेले. ते गेल्यावर पोस्टमनने तुझं पत्र दिलं.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितेस. मला ते बरं पडतं. सिंधु गेल्यापासून फोनवर काय बोलावं ते मला सुचत नाही. समोरचा माणूस वाट बघतो आणि मग म्हणतो, बरं, ठेवतो.

जानेवारीत लातूरची मंडळी इजिप्तला निघाली आहेत, त्यांच्याबरोबर तू आणि मी जायचं, असं तू लिहिलं आहेस. मी पत्र दोनदा वाचलं. तू मावशीची मुलगी, माझ्याहून मोठी. तुला नाही म्हणायची मला सवय नाही. पण माझ्या अडचणी सांगतो.

दर सोमवारी मी देवणी रस्त्यावरच्या रानात जातो. सिंधुच्या समाधीवर पाणी घालतो, बेल ठेवतो. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्याशिवाय हे करणारं कोणी नाही. शिवाय पूजेचं आहे. परक्या हॉटेलात पूजा कशी करायची, आणि पूजेशिवाय जेवायचं कसं? आणि विमानतळावर गळ्यातलं काढायला लावतात असं ऐकतो. इष्टलिंग अंगावरून उतरवायचं नसतं, हे तुला मी काय सांगावं. ते ठेवायची माझी डबी चांदीची आहे. यंत्र वाजणारच.

पासपोर्ट आहे. सिंधुच्या भाच्याकडे दुबईला जायचं म्हणून आम्ही दोघांनी काढले होते. जाणं झालं नाही. दोन्ही कपाटात आहेत.

तू जाऊन ये. मला तिकडचं लिहून कळव.

शिवप्रसाद


नांदेड
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

शिवा,

अडचणी मांडायला तू वखारीतच शिकलास. पोतं आत घ्यायच्या आधी तेवढीच कारणं.

सोमवारचं पाणी नागम्मा घालेल. ती तुमच्या रानात इतकी वर्षं काम करते, सिंधुचा तिच्यावर जीव होता. तिला सांगून बघ, नाही म्हणणार नाही. पूजेला काय लागतं? पाणी आणि विभूती. पाणी तिथे आहे, विभूती मी नेणार आहे. राहिलं यंत्र. डबी घरी ठेवायची आणि इष्टलिंग कापडात बांधून गळ्यात घालायचं. आपल्या आज्जाच्या गळ्यात कापडच होतं की. चांदी आपल्याला नोकऱ्या लागल्यावर आली.

आता माझी अडचण ऐक. रविकिरण मला एकटीला सोडत नाही. म्हणतो, "आई, गाईड काय बोलला, बस कुठून सुटणार, तुला काही ऐकू येणार नाही. हरवलीस तर कुठं शोधायचं?" पोरगं खोटं बोलत नाही. मी म्हटलं, शिवामामा बरोबर असला तर? तो म्हणाला, "मामा येत असतील तर खुशाल जा." त्याला वाटलं, तू कुठला येतोस!

मला इजिप्तच का, असं तू विचारलं नाहीस, पण सांगते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा एक लक्ष्मीबाई दर रविवारी यायची. तिचा मुलगा तिकडे कालव्याच्या कामावर होता. फोन लागायला दुपार व्हायची. लागला की लक्ष्मीबाई घाबरून मला म्हणायची, "बाई, तुमीच इचारा, जेवला का." मी ओरडून विचारायचे. तो म्हणायचा, "जेवलो. नदीच्या काठाला बसून जेवलो." म्हातारीला कळवलं की तिचा पुढचा प्रश्न, "आपल्या गोदावरीवानी हाय का?" तो म्हणायचा, "काठाला हिरवंगार, अन् लगेच वाळू. मधी काहीच न्हाई." मधे काहीच नाही म्हणजे कसं, ते मला कधी डोळ्यापुढे आणता आलं नाही. दुसऱ्यांची बोलणी जोडता जोडता कान तिथेच सोडून आले. डोळे अजून आहेत, तोवर ते बघायचं आहे.

येत्या रविवारी लातूरला टूरवाल्यांनी सगळ्यांना बोलावलं आहे. मला येऊन काय ऐकू येणार? तू जा, ऐक आणि मला लिही. यायचं की नाही ते नंतर ठरव.

नीलाक्का


उदगीर
मंगळवार, २२ ऑक्टोबर २०२४

अक्का, शरणु.

रविवारी सकाळच्या बसने लातूरला गेलो. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत तीस-एक माणसं जमली होती. बहुतेक जोडपी. मी मागे बसलो. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पिशवी ठेवली.

टूरचे उमाशंकर म्हणून आहेत, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. लातूरहून बसने हैदराबाद, तिथून विमान. जानेवारीत तिकडे थंडी असते, स्वेटर हवा. आपला स्वयंपाकी बरोबर आहे. निलंग्याकडचे हणमंतराव पत्नीसह आले होते. त्यांनी विचारलं, "तिथं भाकरी भेटती का?"

उमाशंकर म्हणाले, "भेटते की काका. गव्हाची असते फक्त."

"मंग ती पोळी झाली. भाकरी कुठं झाली?"

नंतर पिरॅमिडचं निघालं. आत वाकून जावं लागतं, असं उमाशंकर म्हणाले. हणमंतराव बायकोकडे बघून म्हणाले, "आमची ही ऱ्हाईल भायेर. गुडघे न्हाईत तिला." त्यावर त्या म्हणाल्या, "जावा की तुमी. मी बसते भायेर. पर आत बसून गप्पा हाणू नका, लवकर या." सगळे हसले.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याजवळ आल्या. सिद्धम्मा नाव, लातूरच्याच, शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना खोलीत जोडीदारीण मिळत नव्हती. म्हणाल्या, "भाऊ, मी आधीच सांगते सगळ्यांना, मी लई घोरते. मंग कोण येतंय?" मी सांगितलं की मी बहिणीबरोबर येणार आहे, आम्ही एका खोलीत राहू. हे माझ्या तोंडून कसं निघालं ते कळलं नाही. मग उमाशंकर यांनी आपली दोघांची नावं लिहून घेतली.

शेवटी त्यांनी पडद्यावर तिथल्या संग्रहालयातल्या वस्तू दाखवल्या. हे राजाच्या गळ्यात होतं, हे राणीच्या बोटात, हे हातात. तिकडेही माणसाला जाळत नसत, आपल्यासारखंच मातीत ठेवत, आणि त्याच्या वस्तू त्याच्याजवळ ठेवत. आता त्या काचेत आहेत. माझ्या पुढे बसलेले लोक पुढे वाकून बघत होते. मी खाली बघितलं. सिंधुला समाधीत बसवल्यावर तिचा डावा तळवा मीच उघडून धरला होता आणि स्वामींनी त्यात इष्टलिंग ठेवलं होतं. मग बोटं मिटली. तिथल्या त्या वस्तूही कोणीतरी अशाच हातात दिल्या असतील. त्या बघायला जायचं, हे मला बरोबर वाटत नाही. तुला काय वाटतं?

नागम्माशी बोललो. ती म्हणाली, "मालक, तुमी जावा. पानी मी घालते. बाईंना मी काय परकी हाय का?"

शिवप्रसाद


नांदेड
मंगळवार, २९ ऑक्टोबर २०२४

शिवा,

तुझं पत्र मी रविकिरणला दाखवलं. "मामांनी नाव दिलं?" असं तो तीनदा म्हणाला. तीनदा म्हणाला हे ओठांवरून कळलं.

काचेतल्या वस्तूंचं म्हणशील, तर मलाही तुझं वाचून बोटं मिटावीशी वाटली. पण त्यांच्या माणसांचं कोणी उरलं नाही रे. सोमवारी पाणी घालणारं कोणी असतं तर कोणाची उकरायची हिंमत झाली असती? तुला बघायचं नसेल तर बाहेर बाकावर बस. मी बघून येते. हणमंतरावांच्या मंडळींना सोबत होईल.

बरोबर एक पिशवी पाठवली आहे. माझ्या इरकल लुगड्याच्या तुकड्याची, मीच शिवली. टाके बघू नको. दोरा लांब ठेवला आहे, तुझ्या मापाने गाठ मार. डबीतून इष्टलिंग काढून यात घाल आणि आत्तापासून वापर, म्हणजे जानेवारीपर्यंत सवय होईल. चांदीचं वजन नसलं की पहिल्यांदा गळा मोकळा वाटतो आणि माणूस सारखा हात लावून बघतो.

बसमध्ये मला खिडकी हवी. आत्ताच सांगून ठेवते. तू शेजारी बसायचं आणि गाईड बोलेल ते वहीत लिहून मला दाखवायचं. सगळं नको. मोठे राजे नकोत. गमतीचं तेवढं लिही.

दिवाळीत एकटा राहू नको म्हणणार होते, पण तू येणार नाहीस. अनारसे पाठवत नाही, मोडतात.

नीलाक्का


नांदेड
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

शिवा,

पिशवी मिळाली का? बसली का? तुझं उत्तर नाही. इतके दिवस तू कधी लावत नाहीस.

रविकिरणने तुला फोन केला होता. तू उचललास आणि "बरं आहे" म्हणालास, असं तो म्हणतो. बरं आहे हे मला पुरत नाही. लिही.

नीलाक्का


उदगीर
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

अक्का, शरणु.

पिशवी मिळाली. चांगली झाली आहे. आज रानात जाऊन आलो. ज्वारी गुडघ्याएवढी आली आहे. संध्याकाळी परत आलो आणि हे लिहायला बसलो.

मी तुला पहिल्या पत्रात पूजा झाली असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. सिंधु गेल्यापासून मी पूजेला बसलो नाही. आम्ही दोघं शेजारी बसायचो, एका तांब्यातलं पाणी घ्यायचो. एकट्याने पाट मांडला की पुढे हात चालत नसे. मी कपाळाला विभूती लावायचो आणि चूल पेटवायचो. कपाळ बघून कोणी काही विचारलं नाही. डबी गळ्यात होती, पण मी ती उघडली नव्हती.

तुझी पिशवी आल्यावर उघडली. आत माझं इष्टलिंग नव्हतं. सिंधुचं होतं. तिचं लहान आहे, लहानपणी तिच्या आजोळच्या मठातून मिळालेलं. खालची बाजू जराशी चपटी आहे. इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं, ओळखायला वेळ लागला नाही.

कसं झालं ते आठवून बघितलं. लातूरच्या दवाखान्यात तिला मशीनमध्ये नेताना अंगावरचं सगळं धातूचं काढा म्हणाले. तिने डबी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "खिशात ठेवू नका, गळ्यात घाला." मी माझ्या डबीवरच ती घातली. तिला परत बाहेर आणलं, ते ती गेल्यावरच. दोन्ही डब्या आम्ही एकाच वेळी एकाच सोनाराकडून केल्या होत्या, एकसारख्या. रानात सगळे उभे होते, स्वामींनी हात पुढे केला आणि मी गळ्यातून एक काढून दिली. डबीतून काढून त्यांनी तिच्या तळव्यात ठेवलं. तेव्हा माझं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. घरी आल्यावर तिची रिकामी डबी म्हणून मी कपाटात ठेवली, ती माझी.

म्हणजे माझं इष्टलिंग तिच्या हातात मातीत आहे आणि तिचं माझ्या गळ्यात. ती स्वतःच्या इष्टलिंगाशिवाय गेली. माझ्यामुळे.

मी मठात गेलो होतो. थोरल्या स्वामींना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "समाधी उकरायची नाही, ते मनातसुद्धा आणू नका. हे पाण्यात सोडा. संक्रांत झाली की या, तुम्हाला नवीन देतो. पूजा सुरू करा." त्यांनी मला सोपं करून सांगितलं. पण ते पाण्यात सोडायचं म्हणजे तिची शेवटची वस्तू मी दुसऱ्यांदा चुकीच्या ठिकाणी ठेवायची, असं मला वाटतं. ठेवून घ्यावं तर ते माझं नाही.

या अवस्थेत मला इजिप्तला येता येणार नाही. विमानतळावर कोणी गळ्याला हात लावला तर मी काय करीन ते मला माहीत नाही. उमाशंकर यांना कळवावं लागेल. मला वाईट वाटतं.

शिवप्रसाद


नांदेड
सोमवार, २ डिसेंबर २०२४

शिवा,

तू येत नाहीस हे मी रविकिरणला सांगितलं. तो "मग राहू दे आई, पुढच्या वर्षी बघू" म्हणाला आणि उमाशंकरला फोन करून दोघांचीही नावं काढली. मी आतून गोळा केलेले स्वेटर परत पेटीत टाकले. तुझ्यावर दोन दिवस रागावले होते. आता नाही, पण होते.

तुला वाटत असेल, अक्का आपल्याला बाहेर काढायला हे सगळं करते. थोडं तसंही होतं. पण माझं ऐक. या घरात सगळे चांगले आहेत. सुनेला काही सांगायचं असलं तर ती मोबाइलवर लिहून दाखवते. "जेवण", "डॉक्टर", "पाहुणे". एक शब्द. नात अक्षरा अभ्यासातून उठून मिठी मारते आणि जाते. संध्याकाळी ते हॉलमध्ये बोलत बसतात, मी त्यांची तोंडं बघते. मला पूर्ण वाक्यं कोणी सांगत नाही. तू पत्रात पूर्ण वाक्यं लिहितोस. बसमध्ये तू शेजारी बसून लिहीत राहशील आणि मी वाचत राहीन, असं मनात होतं, नदी त्यामानाने मागे पडली होती, हे आता सांगून टाकते.

इष्टलिंग सोडायचं की ठेवायचं, ते मला विचारू नको. मी स्वामी नाही. तुम्हा दोघांना पूजा करताना मी पाहिलं आहे, तेवढं सांगते. सिंधु तांब्यातलं पाणी आधी तुझ्या हातावर घालायची, मग स्वतःच्या. तुझं काही तिच्या हातात राहिलं म्हणून ती रुसून बसेल, अशी ती बाई नव्हती. कोणाचं ताट कोणाकडे गेलं म्हणून तिने कधी पंगतीत आवाज केला नाही.

बाकी काय. इथे थंडी पडली आहे.

नीलाक्का


उदगीर
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

अक्का, शरणु.

काल लातूरला गेलो होतो. उमाशंकर यांच्याकडे सिद्धम्माबाईंचा पत्ता विचारला आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ओळखलं. मला बसवून थेट विचारलं, "काय भाऊ, बहिणीचं अन् तुमचं भांडण झालं काय? नावं काढली म्हणे."

मी सांगितलं की माझी बहीण एकटी आहे, तिला ऐकू येत नाही, तुम्ही तिला तुमच्या खोलीत घ्याल का. त्यांनी विचारलं, "अजिबात ऐकू येत न्हाई?"

"कानाला यंत्र लावलं तर थोडं. झोपताना काढून ठेवते."

"मंग देवानंच धाडली की!" म्हणून त्या इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांचा जावई बाहेर आला. त्याला म्हणाल्या, "बघा, माझ्या घोरण्याला गिऱ्हाईक आलं." मग मात्र नीट विचारून घेतलं. तुला मोठं अक्षर लागतं का, जिना चढवतो का, औषधं कोणती. शाळेत मुलांना पाटी दाखवायची सवय आहे, तशी छोटी पाटी बरोबर घेते म्हणाल्या.

रविकिरणला मी फोन केला. फोनवर मला जमत नाही, म्हणून काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही इतकं बोललात म्हणजे पाठवलंच पाहिजे." उमाशंकर यांनी तुझं नाव परत घातलं आहे. त्यांनी माझंही विचारलं. मी नको म्हटलं.

तुझं पत्र वाचून यावं असं वाटलं, हे खरं आहे. पण मी तिथे येऊन तुझ्या शेजारी बसेन आणि लिहिणार नाही, गळ्याला हात लावून बसेन. आधी मला घरात पाटावर बसता आलं पाहिजे. तू राग मानू नको.

तुझी पिशवी रिकामीच खुंटीला आहे. स्वामींनी संक्रांतीनंतर बोलावलं आहे. मी अजून काही ठरवलं नाही.

स्वेटर पेटीतून काढ.

शिवप्रसाद


अस्वान, बोटीवर
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

शिवा,

इथून टाकलं तर हे पत्र माझ्या मागून पोचेल, म्हणून नांदेडला जाऊनच टाकीन. पण लिहिते आजच.

लक्ष्मीबाईचा मुलगा खरं सांगत होता. नदी, मग हिरवं, आणि पिकाची शेवटची ओळ संपते तिथे वाळू. बांध नाही, झुडूप नाही. एक बाई हिरव्यात उभी राहून वाळूत पाय टाकू शकेल. मी सकाळपासून खुर्ची टाकून तेच बघत बसले आहे. बाकीची मंडळी म्हणतात, नीलम्माबाई देवळं बघायला चला. मी म्हटलं, जावा तुम्ही.

सिद्धम्मा चांगली बाई आहे. पाटीवर लिहिते, पण शिक्षिकेसारखं. "समोर. डावीकडे. राजा. मोठा." मी तिला म्हटलं, गमतीचं लिहा, तर तिने "उंट" लिहिलं. रात्री ती घोरते म्हणे. मला पलंगाच्या लाकडातून थोडं कळतं, मांजर बसल्यासारखं. त्याची सवय झाली.

संग्रहालयात त्या हातातल्या वस्तूंच्या दालनाशी पोचलो तेव्हा मी बाहेर थांबले. तू आला नव्हतास, तरी थांबले.

काल संध्याकाळी वर गच्चीत सगळे जमले होते. हणमंतराव काहीतरी बोलले आणि सगळे पोट धरून हसले. त्यांची बायको काहीतरी बोलली, तर आणखी हसले. मी सिद्धम्माला हाताने विचारलं, काय झालं? ती डोळे पुसत म्हणाली, "काई न्हाई." हे दोन शब्द मला कोणाच्याही ओठांवरून ओळखता येतात, शिवा. आयुष्यात सगळ्यात जास्त तेच वाचले आहेत. मग मीही हसले आणि खाली आले.

पाणी संथ आहे. बोट चालली आहे की नाही, ते काठ बघितल्यावर कळतं.

नीलाक्का


उदगीर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

अक्का, शरणु.

आज लवकर उठलो. रानात गेलो. नागम्मा ज्वारीवरची पाखरं हाकत होती. समाधीवर पाणी घातलं, बेल ठेवला. परत येताना मठात थांबलो. स्वामींना सांगितलं की मला नवीन नको, आणि हे मी सोडणार नाही. ते म्हणाले, "शास्त्राला सोडून होईल हे." मी हो म्हटलं. त्यांनी विभूतीची पुडी दिली. नको असतं तर दिली नसती, असं मी धरलं आहे.

घरी आल्यावर आंघोळ केली आणि पाट मांडला. सिंधुचं इष्टलिंग डाव्या तळव्यावर ठेवलं. माझ्या तळव्यावर ते फार लहान दिसतं, भोवती खूप जागा उरते. पाणी सांडू नये म्हणून बोटं जवळ घ्यावी लागतात. पूजा पूर्ण झाली. नंतर पिशवीत ठेवलं आणि गळ्यात घातलं. तू म्हणाली होतीस तसा गळा हलका वाटतो आणि मी सारखा हात लावून बघतो. मग जेवलो.

तुझं पत्र शनिवारी मिळालं होतं. काल सिद्धम्माबाईंना फोन केला आणि गच्चीवर काय झालं ते विचारलं. त्यांना आधी आठवेना, मग आठवलं. हणमंतराव नाईलकडे बघून म्हणाले होते, "एवढं पानी हितं, अन् आमच्या गावाला आठ दिवसाला नळ. हे कुणी वाटलं म्हनावं?" त्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बोलत काय बसलाव? एक घागर भरून घ्या, नळ येईस्तोवर पुरंल." हणमंतराव म्हणाले, "अन् इमानवाल्यानं इचारलं तर?" त्या म्हणाल्या, "सांगा, बायकोनं सांगितलंय." एवढंच होतं. सिद्धम्माबाईंना सांगतानाही हसू आवरत नव्हतं. मलाही आलं. तुला सांगितलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, पाटीवर मावत नव्हतं.

नदीच्या काठाचं आणखी लिही. त्या हिरव्यात कोणतं पीक होतं, ते तू लिहिलं नाहीस.

पत्र पेटीत टाकून तसाच गिरणीत जाईन म्हणतो. ज्वारीचं पीठ संपलं आहे.

शिवप्रसाद

ता. क. आधी गिरणीत गेलो, तिथे गर्दी होती, तोवर पोस्टाच्या पेटीतली पत्रं काढून नेली होती, म्हणून पाकीट अजून माझ्याजवळच आहे. उद्या टाकतो. पीठ घरी आणलं तरी गरम होतं. डब्यात ओतलं, वरून हाताने सारखं केलं, आणि निवेपर्यंत झाकण लावलं नाही.